आतोबांच्या गाडीतलं टिंग

कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर मिळून माझ्या आतोबांइतका हट्टी माणूस आजवर झालेला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी प्रार्थना माझी आत्या रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना करते. ती मनातल्या मनात करत नाही, चांगली मोठ्याने करते. आतोबा तेव्हा शेजारच्या खोलीत टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांशी भांडत असतात. रोह्याजवळ, धाटावच्या एका कंपनीत, कॉम्प्रेसरच्या खोलीत, त्यांची सगळी नोकरी गेली. त्या खोलीतल्या आवाजाने त्यांचे कान अर्धेअधिक नेले, त्यामुळे आत्याची प्रार्थना त्यांना ऐकू येत नाही. आली असती तरी त्यांनी देवाला सांगितलं असतं की हिचं काही मनावर घेऊ नकोस.

लोक मोटारसायकलवर बसतात. आतोबा मोटारसायकलवर उभे राहतात. यात माझी काही अतिशयोक्ती नाही. त्यांच्या गाडीला बसायला धड जागाच नाही. टाकीच्या मागे हातभर लांबीची एक पातळ गादी आहे, ती नावाला. ही गाडी शर्यतीची नाही आणि बाजारहाटाची तर मुळीच नाही. परदेशात ट्रायल्स नावाचा एक खेळ असतो, त्यासाठी ती बनवलेली आहे. ओढ्यातले गोटे, झाडांची मुळं, चिखल, खडा चढ, यांवरून गाडी गोगलगाईच्या चालीने न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही, एवढाच त्या खेळाचा नियम. पाय लागला की गुण गेले. कंपनी उभी राहत होती तेव्हा यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर ही गाडी घेऊन आला होता. सुट्टीच्या दिवशी तो धाटावमागच्या ओढ्यात एकटाच खेळायचा. एकदा त्याने गमतीने कामगारांना विचारलं, कोण चालवून बघतं का. बाकीचे हसले. आतोबा चप्पल काढून गाडीवर चढले आणि ओढा पार करून पलीकडे गेले, पाय न टेकता. मायदेशी परत जाताना त्या इंजिनिअरने गाडी आतोबांच्या हवाली केली. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही गोष्टीला पाय न टेकता पार जायचं, हा नियम आतोबांनी सगळ्या आयुष्यालाच लावला.

म्हणजे कसं, ते सांगतो. गागोद्याला नात्यातलं एक लग्न होतं. सगळं वऱ्हाड टेम्पोने, सरळ डांबरी रस्त्याने गेलं. आतोबा म्हणाले, "रस्त्याने काय, शेळ्यापण जातात," आणि ओहोळाओहोळाने निघाले. अक्षता पडायच्या वेळी ते मांडवाच्या मागच्या बाजूने, गोठ्याच्या अंगाने, गुडघ्यापर्यंत चिखलात माखून प्रकट झाले. नवऱ्यामुलाच्या आईने विचारलं, "अवो, रस्ता चुकलाव काय?" आतोबा म्हणाले, "रस्ता नाय चुकलो, टाळला." दुसरं उदाहरण. घरी कॅरम मांडला की राणी दुसऱ्याने घेतलेली त्यांना चालत नाही, म्हणून ते डाव संपूच देत नाहीत. चहा गार झाला तर तो गार झाला हे कबूल करण्यापेक्षा ते फुंकर मारून पितात. आणि कुणी त्यांच्या गाडीला कौतुकाने "व्हिंटेज" म्हटलं, तर रोहे बाजारपेठेच्या मधोमध थांबून, अर्थात तोल सांभाळून, पाय न टेकता, "व्हिंटेज तुझा बापूस!" असं सुनावतात.

अशा माणसाच्या घरी मी कॉलेजची वर्षं काढली. मी पेण तालुक्यातल्या खाडीकाठचा. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचं काम. माझ्याआधी घरातल्या कुणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नव्हतं. बारावीनंतर मी काय करावं यावर ओटीवर बरीच चर्चा चालली होती, आणि ती बहुतेक मिठागराच्या दिशेने चालली होती. तेवढ्यात आतोबा उठले आणि म्हणाले, "पोरगा माझ्याकडं ऱ्हाईल. शिकंल." कुणी काही बोलायच्या आत त्यांनी गाडीला लाथ मारली. पुढचं सगळ्यांचं बोलणं त्या फटफटाटात बुडालं. माझ्या शिक्षणाचा निर्णय असा झाला. मला आजही वाटतं की ती गाडी जरा कमी वाजली असती, तर मी आज शाळेत मराठी शिकवत नसतो.

पदवीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मला मागच्या मडगार्डवर पोत्याची घडी घालून बसवलं आणि गाडी पेणच्या वाटेला लावली. गावाची वेस दिसू लागल्यावर गाडी थांबवली, खिशातून पाना काढला आणि सायलेन्सरच काढून माझ्या मांडीवर ठेवला. फडक्यात गुंडाळला होता तरी चटके बसत होते. मी म्हणालो, "आतोबा, हे कशाला?" ते म्हणाले, "तुझ्या बाच्या घरात पहिला ग्रॅज्युएट आलाय. मिठागरात वाकलेल्या माणसाला मान वर करायला लागली पायजे." आणि खरोखरच त्या आवाजाने मिठागरातल्या सगळ्या माना वर झाल्या. माझे वडील हातातलं फावडं तसंच धरून बांधावर उभे राहिलेले मला आजही दिसतात. एवढ्यासाठी मी त्या गाडीचा जन्माचा ऋणी आहे, आणि तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला राग येतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी निःपक्षपाती आहे असा वाचकांचा गैरसमज नको.

गाडीबद्दल वाकडं बोलायला सुरुवात झाली ती आतोबांची जुनी चाळ पडून तिथे इमारत झाल्यावर. आतोबांना तळमजला मिळाला. त्यांच्या बरोबर वर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायला आल्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. बाई सकाळी स्कॉलरशिपच्या मुलांचा वर्ग घेतात, आणि नेमक्या त्याच वेळी आतोबा ओढ्यात जायला निघतात. बाईंच्या वर्गात मुलं आठाचा पाढा म्हणत असताना खाली गाडी सुरू व्हायची आणि पाढा चोपन्नावर जाऊन थांबायचा. बाई बाल्कनीत येऊन म्हणायच्या, "अहो, आठाच्या पाढ्यात चोपन्न येत नाहीत!" आतोबा कानाला हात लावून म्हणायचे, "काय? चहा? नको, आताच झाला."

शेवटी सोसायटीच्या बैठकीत ठरलं की गाडीचा आवाज गणपतीच्या आत बंद झाला पाहिजे, नाहीतर गाडी आवारातून गेली पाहिजे. ती जाण्याची सोयही तयार होती. कोलाडला हायवेवर हॉटेल काढलेला एक गृहस्थ बरेच दिवस गाडीवर डोळा ठेवून होता. ठरावाची बातमी लागताच तो पेढे घेऊन आला. "काका, भिंतीवर लावू. वर लायटिंग सोडू. गिऱ्हाईक फोटो काढतील. तुमच्या गाडीचं नाव होईल." त्याने भिंतीला लोखंडी कंस मारूनसुद्धा ठेवले होते. आतोबांनी पेढा खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भिंतीवर माणसं टांगतात, मेल्यावर. ही अजून चालतेय."

तो गृहस्थ गेल्यावर आत्या हळूच म्हणाली, "आता वय झालं. मणकापण दुखतोय. देऊन टाकली तर?"

आतोबा म्हणाले, "गाडी नाय जायची. आवाज जाईल."

मला त्या दिवशी फोन आला. मी तोवर पेणला शाळेत लागलो होतो आणि गणपतीच्या कारखान्यांच्या आळीतच भाड्याने राहत होतो. आतोबा फोनवर म्हणाले, "रविवारी ये. तुझे कान पायजेत." खरी अडचण तीच होती. आवाज घालवायची जबाबदारी ज्या माणसावर होती, त्याला तो आवाज ऐकूच येत नव्हता. आतोबांना गाडी कळायची ती तळव्यांतून आणि दातांतून. ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटून काय ते ओळखायचे. इंजिनाच्या आत काय चाललंय ते त्यांना सगळं कळायचं. बाहेर लोकांना काय ऐकू येतं ते मात्र कळत नव्हतं. "मला तर गाडी मांजरीसारखी वाटते," असं ते प्रामाणिकपणे म्हणायचे.

पहिल्या रविवारी मी कान लावून सांगितलं, की मागून फट्‌फट्‌ येतंय, मधून खळखळ येतेय, आणि पुढे कुणी घोरावं तसं काहीतरी आहे. खळखळ साखळीची होती. ती उडून खालच्या दांड्यावर आपटत होती. आतोबांनी दांड्यावर रबर बसवलं आणि खळखळ थांबली. आम्ही आनंदाने आत गेलो तर आत्या दारात एका पायात चप्पल घालून उभी. "माजी एक सपात कुठं गेली?" आतोबा म्हणाले, "गेली नाय. चांगल्या कामाला लागली." आत्याने दुसरी सपातही आणून त्यांच्यासमोर टाकली. "ही तरी कशाला ठेवता? मी उडत जाते देवळात."

घोरणं होतं ते हवा आत ओढायच्या डबीचं. आतोबांनी सोफ्याच्या उशीतला स्पंज काढून डबी गच्च भरली. घोरणं थांबलं, आणि त्याबरोबर श्वासही थांबला. बाजाराच्या चढावर गाडीला दम लागला. आतोबा तिच्यावर तसेच तोल सांभाळत उभे राहिले. मागे धाटावची बस खोळंबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, पुतळा कवा बसवला हितं?" त्यांनी तरी पाय टेकला नाही. गाडी मागे घरंगळत, उलटी, त्यांनी चढाच्या खाली आणली. पुढे स्पंज निम्मा काढल्यावर ते काम बरोबर जमलं.

राहिली ती मागची फट्‌फट्‌, म्हणजे सायलेन्सर. त्याच्या पोटात आवाज पिणारं काहीतरी भरावं लागतं. कंपनीतल्या गरम पाइपांना गुंडाळतात ती काचेची लोकर त्यासाठी उत्तम, हे आतोबांना माहीत होतं. पण ती घरात आणायला आत्याची बंदी होती. आतोबांच्या कपड्यांतून आलेल्या त्या लोकरीपायी तिने त्यांच्या नोकरीभर अंग खाजवलं होतं. मग एक दिवस आतोबा माझ्याकडे पेणला आले, आळीतून फिरले, एका कारखान्यात मूर्ती भरताना बघत उभे राहिले आणि त्यांना साक्षात्कार झाला. आमच्याकडे प्लास्टरच्या मूर्तीला बळकटी यावी म्हणून आतून काथ्या लावतात, नारळाचा. प्लास्टरच्या पाण्यात बुडवून साच्यात दाबला की मूर्ती हलत नाही. आतोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "पेणेत अख्खा बाप्पा काथ्यावर उभा ऱ्हातो. एक सायलेन्सर नाय ऱ्हाणार?"

कारखानदार म्हणाला, "काका, बाप्पा गरम होत नाय."

"प्लास्टर हाय ना वरून. प्लास्टर कधी जळलेलं बघितलंयस?"

कारखानदाराने काथ्याचा गठ्ठा पुढे सरकवला. काथ्या जळतो, हे शिकलेल्या माणसाला तरी सुचायला हवं होतं, पण आतोबांसमोर अशा गोष्टी वेळेवर सुचत नाहीत, हा माझा जुना अनुभव आहे. मी पिशवीभर काथ्या घेऊन रोह्याला गेलो. आतोबांनी तो प्लास्टरमध्ये कालवून सायलेन्सरमध्ये अगदी मूर्तिकाराच्या निगुतीने बसवला, वाळवला आणि गाडी सुरू केली. खोटं सांगत नाही, गाडी गप्प झाली. पंख्यासारखा आवाज. आतोबा बाजारातून गेले तेव्हा भाजीवाल्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. ते पुलावर पोचले आणि हादऱ्यांनी आतलं प्लास्टर सुटलं. आधी मागून पांढरी भुकटी उडायला लागली. कंपन्यांची पहिली पाळी सुटली होती, मागून दुचाकीवर येणारे कामगार हळूहळू पांढरे होत होते. मग धूर आला. आणि मग जळत्या काथ्याचे पुंजके, दिवाळीतल्या अनारासारखे, एकेक करून नदीच्या दिशेने सुटले. एक जण गाडी शेजारी आणून ओरडला, "आजोबा, बंब बोलवू काय?" आतोबांना ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं तो गाडीचं कौतुक करतोय. त्यांनी मान डोलावली.

ते दारात आले तेव्हा आत्याने काही न विचारता बादलीभर पाणी सायलेन्सरवर ओतलं. ढगासारखी वाफ उठली. त्या वाफेतून आतोबांचा आवाज आला, "तापलेल्या लोखंडावर पाणी घालतात काय गो?" आणि आत्याचा आवाज आला, "मग बाप्पाला जाळतात काय?" थोडा वेळ दोघंही दिसत नव्हती. वाफ ओसरल्यावर आत्या म्हणाली, "आणा ती तुमची मेली काचेची लोकर. पण अंगणात भरायची. कपडे अंगणातच बदलायचे." दुसऱ्या दिवशी आतोबा प्लास्टिकचा रेनकोट, हातमोजे आणि तोंडाला आत्याची ओढणी अशा वेशात, भर उन्हात, सायलेन्सरमध्ये लोकर भरत बसले होते. शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी मुलांना घरात घेतलं.

फट्‌फट्‌ गेली. मला तर काही ऐकू येत नव्हतं. आतोबांनी विजयाने वर पाहून विचारलं, "बाई, आता कसं काय?"

बाई बाल्कनीत आल्या. डोळे मिटून, मान थोडी कलती करून उभ्या राहिल्या. "फट गेलं. खळखळ गेली. एक टिंग आहे."

"टिंग? माझ्या गाडीत टिंग नाय."

"आहे. मागच्या बाकावरच्या मुलाने कंपासपेटी मांडीत लपवून वाजवावी तसं आहे. मागून येत नाही, मधून येतं. जन्मभर मी वर्गातले लपवलेले आवाजच शोधलेत. मला फसवता येणार नाही."

"तुमच्या कानात असेल."

"माझ्या कानात असतं तर तुम्ही गाडी बंद केल्यावरही राहिलं असतं. करा बंद." आतोबांनी गाडी बंद केली. "गेलं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आतोबा रागावून ताठ बसले. पण त्या रागातही त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली, स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दातांत धरला. इंजिनाला वारा लागून ते गार राहावं म्हणून त्याच्या अंगावर पातळ पातळ चकत्या असतात, एकावर एक पत्रावळ्या रचल्यासारख्या. त्यांना फिन म्हणतात. आतोबा एकेका फिनला टोक लावत गेले आणि एकदम थांबले. गाडी चालू असताना त्या चकत्या थरथरत होत्या, सतारीच्या तारांसारख्या, आणि त्यांचं ते टिंग होतं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर तोंडातून काढला, वर बाल्कनीकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन, बाईंना ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं तेवढ्या आवाजात, म्हणाले, "बाई ग्रेट हाय." ते साऱ्या सोसायटीने ऐकलं.

दोन फिनांच्या मध्ये रबराचे तुकडे ठोकले की थरथर थांबते. आधी त्यांनी सायकलच्या ट्यूबचे ठोकले, ते वितळून घाण वास सुटला. मग पुन्हा पेणची आठवण झाली. कारखान्यात हल्ली सिलिकॉनचे साचे आलेत, ते तापवले तरी वितळत नाहीत. जुना, फाटलेला एक साचा मी मागून आणला. आतोबा त्याचे तुकडे करायला बसले तेव्हा आत्या हात जोडून मध्ये उभी राहिली. "ह्यात बाप्पाचं तोंड उमटलेलं हाय. सोंड इंजिनात कोंबणार?" बरीच वाटाघाट झाली. मुख आणि हात बाजूला ठेवायचे, फक्त पाटाचा आणि उंदराच्या मागचा भाग घ्यायचा, असं ठरलं. त्याप्रमाणे पाटाचे तुकडे फिनांमध्ये बसले. उरलेला साचा आत्याने फुलं वाहून कपाटावर ठेवला.

परीक्षा बाईंनीच ठरवली. त्या खिडक्या उघड्या टाकून मुलांना शुद्धलेखन घालतील. आतोबांनी वाटेल तेव्हा खालून जावं. वाचताना बाईंची मान वर झाली तर गाडी कोलाडला जाईल. मी साक्षीदार म्हणून मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. कोलाडचा गृहस्थ टेम्पो घेऊन फाटकाशी आला होता, दोरखंडासकट. आत्या तळमजल्यावर दार लावून बसली होती. बाई शांतपणे वाचत होत्या. मुलं लिहीत होती. माझं सगळं लक्ष कानांत गोळा झालं होतं, आणि मला फक्त पेन्सिलींचा आवाज येत होता. मला भीती वाटायला लागली की गाडी सुरूच झाली नाही. बाईंनी शेवटचं वाक्य संपवलं, पुस्तक मिटलं आणि घड्याळाकडे पाहून मला म्हणाल्या, "हे कधी निघणार आहेत?"

"जाऊन आलो, बाई."

आतोबा दारात उभे होते. डोक्यावर हेल्मेट, चपला ओल्या, चपलेत ओढ्यातली वाळू.

बाईंनी त्या वाळूकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला ऐकू आलं नाही. म्हणजे आवाज नाही. ठराव रद्द करायला मीच सांगेन." आतोबांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि टेम्पोवाल्या गृहस्थाला हाताने खूण केली, की जा आता. त्या खुणेत एवढा उर्मटपणा होता की मला माझ्या माणसाचा फार अभिमान वाटला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा स्वयंपाकघरात आत्या फरशीवरचा चहा पुसत होती आणि पातेलं कोपऱ्यात पडलं होतं. आतोबा दारात अपराध्यासारखे उभे.

"मागं येऊन उभे ऱ्हायले," आत्या मला म्हणाली. "भुतासारखे. काय कळायलाच मार्ग नाय."

"अगो, आवाज गेला म्हणूनच तर..."

"गेला. तोच गेला." ती फडकं पिळत बोलत होती, त्यांच्याकडे न बघता. "इतकी वर्षं तुमी पुलावर आलाव की मला कळायचं. मग मी चहा ठेवायची. कंपनीत अपघात झाला, भोंगा अवेळी वाजला की सगळ्या बायका रस्त्यावर जायच्या. मी नाय गेली कवाच. मी दारात कान लावून उभी ऱ्हायची. गाडी वाजली की म्हणायची, आले, आणि आत जायची. आता तुमी ओढ्यात पडलाव काय, येताव काय, मला कोण सांगणार?"

आतोबांना यातलं किती ऐकू गेलं मला माहीत नाही. पण ते तिच्या तोंडाकडे बघत होते. जन्मभर ते लोकांचं बोलणं तोंडाकडे बघूनच वाचत आले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. ते अंगणात गेले आणि गाडी सुरू केली. मी मागोमाग गेलो. त्यांनी गाडीवरूनच, तोल सांभाळत वाकून, चिमट्याने फिनांमधला एक तुकडा उपटला.

"जा, विचार तिला. ऐकू येतंय काय."

मी आत गेलो. आत्या ओट्याशी पाठ करून उभी होती. म्हणाली, "नाय." मी बाहेर जाऊन सांगितलं. तो तुकडा परत बसला, दुसरा निघाला. "हा?" "हा येतो, पण ह्यो आपला नाय." मी आतबाहेर करत राहिलो. एक फिन तिला फार जाड वाटली, एक फार रडकी. आतोबा बोटं भाजून घेत होते, फुंकर मारत होते, पण कुरकूर नव्हती. मग एक तुकडा निघाला. मी विचारायला आत गेलो, तर आत्या आधीच चहाचं पातेलं गॅसवर ठेवत होती.

"ह्योच," ती म्हणाली.

मी बाहेर येऊन मान हलवली. आतोबांनी तो तुकडा खिशात टाकला, आणि गाडीवर तसेच उभे असताना, सावकाश, डावा पाय अंगणात टेकला. गाडी चालू असताना त्यांनी पाय टेकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी बघतोय हे लक्षात येताच ते खेकसले, "काय बघतोस? हितं गुण जात नाय."

वर बाल्कनीत बाई उभ्या होत्या. मान थोडी कलती. आम्ही दोघं वर पाहत राहिलो. बाई म्हणाल्या, "मला ऐकू आलंय. पण हे आवाजात मोडत नाही." आणि त्यांनी वर्गाची खिडकी तशीच उघडी ठेवली.

परवा मी रोह्याला गेलो होतो. आत्याजवळ बसून पावटे सोलत होतो. आतोबा आता फार वर चढत नाहीत, ओढ्याच्या सपाट भागातच थोडं खेळून येतात, मणका बरा नाही. उशीर झाला की आत्या बोलायची थांबते. परवाही थांबली. पावटा हातात तसाच. मी कान दिला. पंखा होता, रस्त्यावरची बस होती, वर मुलं आठाचा पाढा म्हणत होती. दुसरं काहीच नव्हतं.

"आले," आत्या म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.